माणूस मुळात स्वार्थी असेल, तर समाजवादी कशाच्या भरवशावर बोलतात?

निशा_ठाणे

परवा ऑफिसात चहाला उभे होतो. आमच्याकडे मार्च म्हणजे अप्रेझल. सहा जणांची आमची टीम वर्षभर एकमेकांच्या चुका रात्री बाराला जागून काढून देते आणि मार्च लागला की ओळख नसल्यासारखी वागते. कारण साधं आहे. सहांतल्या एकालाच वरची रेटिंग मिळते आणि एकाला खालची द्यावीच लागते, काम सगळ्यांचं चांगलं झालेलं असलं तरी.

यंदा मी स्वतः एक प्रकार केला. एक सहकारी एका ठिकाणी अडला होता. सोडवायची युक्ती मला माहीत होती. मी ती पंधरा दिवस सांगितली नाही. रेटिंग लागल्यावर सांगितली. तो "थँक्यू" म्हणाला ते अजून टोचतंय.

हे मी चहावर कबूल केलं, तर आमचे एक सिनियर हसले. म्हणाले, "म्हणून तर समाजवाद कागदावरच शोभतो. माणूस मुळात स्वार्थी, विषय संपला."

मला बोलता आलं नाही. आजोबा राष्ट्र सेवा दलातले, त्यामुळे एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे ही समाजवादी पुढाऱ्यांची नावं घरात काका-मामांसारखी घेतली जायची. पण आजोबांना हे विचारायचं राहूनच गेलं. तर, समाजवादी लोक माणसाला मुळात चांगला समजतात का? आणि दुसरं, मी नक्की कुठल्या वर्गात बसते? पगार बरा आहे, घराचं कर्ज अजून सतरा वर्षं आहे. स्वतःला कामगार म्हटलं तर आई हसते, आणि मालक तर मी नाहीच.

पुस्तकांच्या याद्या नकोत प्लीज. त्या शोधून मिळतात.

ताळेबंद_राव

सिनियरांशी सहमत. मी सोसायट्यांचे हिशेब तपासतो, त्यामुळे मला माणूस जरा जवळून दिसतो. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत जिन्यातला सामाईक दिवा रात्रभर जळतो, कारण तो कुणाच्याच मीटरवर नसतो. त्याच माणसांच्या घरात मात्र पंखा चालू ठेवून खोलीबाहेर पडलेल्या पोराला ओरडा बसतो.

आमच्या तालुक्यातला साखर कारखाना वडिलांच्या पिढीने पोटाला चिमटा काढून, शेअर गोळा करून उभा केला. वडिलांनी त्यासाठी एक बैल विकला होता. आज सभासद म्हणून आमच्या हातात काय, तर वार्षिक सभेचा अहवाल आणि दिवाळीची सवलतीची साखर. सभेत प्रश्न विचारायला उठलं की माइक बंद पडतो. सुरुवात समाजवादी थाटाची होती, शेवट एका घराण्याचा झाला. स्वभावापुढे घटना आणि पोटनियम टिकत नाहीत, हे माझं मत. खोडून दाखवा.

बदली_नं_४१७

निशाताई, नमस्कार. मी मुंबईच्या कापड गिरणीत साचेवाला होतो, म्हणजे साच्यावर (मागावर) कापड विणणारा. आता कणकवलीच्या बाजूला गावी असतो. नातवाच्या मोबाईलवर बोलून टाइप करतोय, तेव्हा शुद्धलेखन मोबाईलचं आणि विचार माझे.

१९७६ साली मुंबईला आलो तो थेट लालबागला, आमच्या वाडीच्या खोलीवर. नव्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. कोकणातल्या कितीतरी गावांनी गिरणगावातल्या चाळींत एखादी खोली घेतलेली असायची. ग्रामस्थ मंडळाची खोली. आमची दहा बाय बाराची होती आणि वहीत नावं सव्वीस. गिरणीला तीन पाळ्या, त्यामुळे सव्वीस जण एका वेळी कधीच नसत. एकाची वळकटी उचलली की तिथे दुसऱ्याची पडायची. भिंतीला खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली त्या माणसाची ट्रंक. पावसाळ्यात कपडे सुकायचे नाहीत, त्यामुळे खोलीला कायम ओल्या गंजीफ्रॉकचा वास.

त्या वहीत नियम होते. माणशी महिन्याला पाच रुपये. काम सुटलेल्याला तीन महिने माफ. गावाहून नवा पोरगा आला तर त्याला पहिले दोन महिने माफ. आजारी माणसाला खिडकीखालची जागा, मग तिथे कोणी का झोपत असेना. पाणी भरायची पाळी चुकवली तर आठ आणे दंड. गावी कुणाचं माणूस गेलं तर एसटीचं भाडं शिलकीतून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वही सगळ्यांसमोर वाचायची, आणि ज्याला वाचता येत नसेल त्याने शेजारी बसून ऐकायचं, उठायचं नाही.

ह्यात संत कोणी नव्हता. एक गडी दुसऱ्यांचं खोबरेल वापरायचा. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून बाटलीला पेन्सिलीने रेघ मारून ठेवायचो. तो रेघेइतकं पाणी ओतायचा. तेल वर, पाणी खाली, तरी दुसऱ्या दिवशी तोंड वर करून हजर.

आता गेटावरचं सांगतो. मी बदली कामगार. म्हणजे कायम माणूस आला नाही तर त्याच्या साच्यावर मला उभं करायचं. रोज पाळीच्या आधी खात्याच्या दाराशी ताटकळायचं. यादी होती, नंबर होते, पण यादीपेक्षा जॉबरची, म्हणजे माणसं लावणाऱ्या मुकादमाची, मर्जी जड. एका मे महिन्यात गावाहून दोन डझन हापूस आले. ते मी खोलीवर सोडलेच नाहीत, रात्रीच्या रात्री जॉबरच्या बिऱ्हाडी पोचवले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीला यादीत माझ्या वर माझ्याच खोलीतला, माझ्या चुलत घरचा भाऊ होता. आत मी गेलो, तो परत फिरला.

पाळी सुटून साडेबाराला खोलीवर आलो. खानावळ दहाला बंद व्हायची, म्हणून त्याने माझं ताट आणून, वर दुसरं ताट उपडं घालून ठेवलेलं. अंधारात पडल्या पडल्या म्हणाला, "जेवान घे, तुझा ताट थंय आसा." आंब्यांचं त्याला ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. पुढे होळीच्या वेळी त्यानेही माझ्यावर तसाच डाव टाकला, आणि त्या रात्री त्याचं ताट मी आणून ठेवलं होतं.

गेट आणि खोली ह्यांत चालत दहा मिनिटांचं अंतर. त्या दहा मिनिटांत आमचा स्वभाव बदलत होता असं नाही. गेटावर दहा माणसं आणि चार साचे, शिवाय निवड करणारा एकटा माणूस, तीसुद्धा कुणाला हिशेब न देता. तिथे जो दुसऱ्याला पुढे जाऊ देईल तो उपाशी. खोलीवर जो एकट्याचं बघेल त्याला पुढच्या रविवारी सव्वीस जणांसमोर मान खाली घालावी लागे.

परळला संध्याकाळी आमच्या युनियनचे अभ्यासवर्ग व्हायचे. निम्मे लोक डुलक्या काढायचे, मीसुद्धा. पण एकदा मास्तरांनी रॉबर्ट ओवेनची गोष्ट सांगितली, कापसाच्या गिरणीची, तेव्हा जागा झालो. स्कॉटलंडात क्लाइड नदीवर न्यू लॅनार्क म्हणून गिरणगाव. १८०० साली त्याचा कारभार ओवेनच्या हाती आला. कामगार चोर आणि दारुडे, हेच तो सगळ्यांकडून ऐकत होता. त्याचं म्हणणं उलट. माणसाचं वळण त्याने एकट्याने घडवलेलं नसतं, भोवतालाने घडवलेलं असतं. भोवताल बदला. पुढे एकदा अमेरिकेने माल रोखला, कापूस मिळेना, तर त्याने चार महिने गिरणी बंद ठेवून पूर्ण पगार दिला. दहा वर्षांखालच्या पोरांना कामावर घेणं थांबवलं, शाळा काढली. चोऱ्या कमी झाल्या आणि नफाही बुडाला नाही.

पण तिथेच दुसरी एक वस्तू होती. प्रत्येक कामगाराच्या जागेवर लाकडाचा छोटा चौकोनी ठोकळा टांगलेला. चार बाजूंना चार रंग: काळा, निळा, पिवळा, पांढरा. काल काम कसं केलं त्याप्रमाणे देखरेखवाला एक रंग समोर करून जायचा. काळा म्हणजे वाईट, पांढरा म्हणजे उत्तम. आणि रोजचा रंग वहीत चढवायचा. तुमची रेटिंग हा तोच ठोकळा आहे, ताई. फक्त ओवेनने सहांत एकालाच पांढरा आणि एकाला काळा द्यायचाच, असा नियम केला नव्हता. शिवाय रंग चुकला वाटला तर त्याच्याकडे दाद मागता यायची. तुमच्याकडे येते का?

मास्तर पुढे म्हणाले, १८४५ साली मार्क्सने ह्या विचारावर बोट ठेवलं. परिस्थिती माणसाला घडवते हे खरं, पण परिस्थिती बदलतात तीही माणसंच, आणि शिकवणाऱ्याला आधी स्वतः शिकावं लागतं. नाहीतर समाजाचे दोन तुकडे पडतात, एक घडवणारा आणि दुसरा घडवला जाणारा, आणि घडवणारा वर जाऊन बसतो. बाकीचं डोक्यावरून गेलं, पण एवढं मला खोलीमुळे लगेच कळलं. ठोकळ्याचा रंग फिरवणारा वेगळा माणूस होता. आमचे आठ आणे दंड आम्हीच ठरवलेले आणि आम्हीच भरलेले.

म्हणून तुमच्या सिनियरांना सांगा, माणूस देव आहे असं धरून चालणारे समाजवादी आहेत, मी पाहिलेत, ते फार लवकर दमतात. बाकीचे एवढंच म्हणतात की माणसात दोन्ही आहे. कुठलं बाहेर यावं हे बरंचसं गेटावर ठरतं, आणि गेट कुणाच्या ताब्यात आहे त्यावरून समाजात कोण कुठे उभा आहे ते कळतं. रावसाहेब, तुमच्या कारखान्याचा माइक कुणाच्या हातात आहे? तोच आमचा जॉबर.

वर्गाचं म्हणाल तर पगाराचा आकडा बघू नका. पगार थांबला तर किती महिने निघतील, आणि कामावरून काढायची सही कुणाची, एवढं बघा. माझ्या मते तुम्ही आमच्यातल्याच, खुर्ची मऊ आहे एवढंच. पण एका वर्गातले म्हणून आपोआप एकत्र राहतात असंही नाही, हे मी १९८२ला शिकलो. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात माणसं बाहेर. आमचा जॉबरसुद्धा बाहेर, चार-पाच महिने आमच्याच बरोबर. मग तो आत गेला आणि जाताना आमच्या खोलीतल्या तिघांना घेऊन गेला. त्यांत माझा तो भाऊ होता. पोरीचं लग्न ठरलेलं होतं. दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. आज ते बरोबर केलं असं वाटत नाही, पण तेव्हा वाटलं होतं.

मुक्ता_नायगाव

काका, वाचताना डोळ्यांसमोर खोली उभी राहिली. पण एक विचारते, राग मानू नका. त्या वहीतली सव्वीस नावं एकाच वाडीची होती ना?

माझे आजोबाही गिरणीतलेच. पण रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात. साचेखात्यात पगार जास्त, आणि ते खातं त्यांच्या पिढीच्या आमच्या दलित लोकांना जवळपास बंदच. कारण काय, तर धोट्यात (मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा तुकडा) सुताची नवी कांडी घातली की त्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून काढायचं. एका साच्यावर पाळीपाळीने माणसं बदलणार, तर आमच्या तोंडचा धोटा तुमच्या तोंडाला कसा चालेल? १९२८च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हेच पुढे आणलं. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक म्हणता, मग हे खातं आमच्यासाठी उघडायची मागणी तुमच्या यादीत का नाही? कामगारच कामगाराला आत येऊ देत नव्हता, मालकाला काही करावंच लागलं नाही.

१९३६ साली त्यांनी ते एका ओळीत मांडलं, की जात ही श्रमाची नुसती विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. आपल्याकडच्या समाजवाद्यांत राममनोहर लोहियांनी हे मनापासून घेतलं, जात म्हणजे हलायचा थांबलेला वर्ग असं ते म्हणायचे. बाकीच्यांना फार वर्षं वाटत राहिलं की वर्गाचं सुटलं की जातीचं आपोआप सुटेल. तसं झालेलं दिसत नाही.

आणि अजून एक. तुमचं ताट भावाने झाकून ठेवलं, पण रांधलं खानावळवालीने. संपात महिनोन्‌महिने उधारीवर जेवायला घातलं ते ह्या बायकांनी. तिचं नाव तुमच्या वहीत दंड म्हणून नाही, जिचे पैसे द्यायचेत ती म्हणूनही नाही. आमच्या सरकारी चाळीत खाली एक मावशी होत्या, दिवसाला तीस डबे. १९७५ला प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि ह्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तोवर सावकाराशिवाय त्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं. त्या कुठल्या वर्गातल्या? गिरणीत नाहीत म्हणून कामगार नाहीत, चार भांडी स्वतःची म्हणून मालक?

निशा, तू युक्ती पंधरा दिवस लपवलीस त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. पण ती टीम कुणाकुणाची आहे, चहाला कोण उभं असतं आणि कप कोण धुतं, तेही एकदा बघ.

निशा_ठाणे

मुक्ता, कप धुणाऱ्या ताईंचं नाव मला माहीत नाही. तीन वर्षं झाली. उद्या विचारते.

काका, आमच्याकडे दाद मागायचा एक फॉर्म आहे. तो ज्यांनी रेटिंग दिली त्यांच्याकडेच जातो.

बदली_नं_४१७

मुक्ताबाई, राग कशाला मानू. एकाच वाडीची होती. आमच्या गावच्या बौद्धवाडीची खोली वेगळी, डिलाईल रोडला. वहीत तसा नियम लिहिलेला नव्हता, लिहायची गरजच पडली नव्हती. ते लोक आणि आम्ही एकाच एसटीने गावी जायचो, शिमग्याला एकाच पालखीमागे, म्हणजे ते जरा मागे. मी साचेखात्यात आलो तेव्हा धोटा तोंडाने ओढायचं मागे पडलं होतं, पण म्हाताऱ्या साचेवाल्यांच्या तोंडी त्या गोष्टी होत्या, आणि ते त्या हसून सांगायचे. मीही हसलो असेन.

खानावळवालीचे माझ्याकडे संपातले सात महिने राहिले होते. १९८५ला फेडले. व्याज तिने मागितलं नाही आणि मीही दिलं नाही.

आता आमच्या खोलीचं पुढचंही ऐका, नाहीतर मी नुसती चांगली बाजू सांगितल्यासारखं होईल. गिरण्या गेल्या, माणसं गावी परतली, वहीत नावं राहिली आठ. मग चाळ बिल्डरकडे गेली. पाच रुपयांची खोली, तिच्या जागी टॉवरमध्ये फ्लॅट. तोवर कुणी कधी पाहिलं नव्हतं, पण भाडेपावती मंडळाच्या नावावर नव्हतीच, पन्नास वर्षांपूर्वीच्या एका गाववाल्याच्या नावावर होती. त्याचा नातू आला, कधी त्या खोलीत एक रात्रही न झोपलेला. कागद त्याच्या बाजूचा. आम्ही वही घेऊन वकिलाकडे गेलो, त्याने चाळली आणि म्हणाला, "सुंदर आहे हो, पण हिला कायद्यात काय म्हणायचं?" शेवटी गावच्या चार माणसांनी बसून तडजोड केली, माझ्या वाटणीला अकरा हजार आले. नातू वाईट नाही. चांगला बोलतो, गणपतीला घरी येतो.

ताळेबंद_राव

अकरा हजार! काका, मला हेच म्हणायचं होतं, पण तुमच्या तोंडून ऐकून आनंद झाला नाही. एक धंद्याचा प्रश्न. पन्नास वर्षांत पावती मंडळाच्या नावावर करून का घेतली नाही? मंडळ नोंदवायला फार काही लागत नाही.

बदली_नं_४१७

एकदा निघाला होता विषय, १९७९ला. घरमालक म्हणाला, मंडळ-बिंडळ मला कळत नाही, एक माणूस सांगा ज्याच्याकडे भाडं मागायचं. जो म्हातारा पावतीवर होता तो तेव्हा हयात होता, कोपऱ्यात बसून विडी ओढत होता. त्याच्यासमोर कोण म्हणणार की तुझं नाव काढूया? आणि पाच रुपयांच्या खोलीसाठी वकील कोण करतो, रावसाहेब.